आक्कांचा हँडओव्हर

एका रकान्यात मी ‘नाही’ असं लिहिलं आणि आक्कांची चौतीस वर्षांची नोकरी थांबली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी त्यांच्याबद्दल जे काही बरंवाईट बोलेन ते कोण बोलतंय हे ध्यानात राहील. त्याला आता चार महिने झाले. मुंबई आणि बेंगळूर यांच्यामध्ये त्यांची एक फाईल फिरते आहे. ती आली तर आक्का वॉर्डात परत येतील, नाही आली तर नाही.

बेळगावातल्या एका खाजगी दवाखान्यात पुरुषांच्या वॉर्डाची मी इन्चार्ज सिस्टर आहे. माझ्याआधी तिथं आक्का होत्या. आक्का हे काही त्यांचं नाव नव्हे, पण त्यांना नावानं हाक मारलेली मी तरी कधी ऐकली नाही. दवाखाना काढलेल्या मोठ्या डॉक्टरांपासून फरशी पुसणाऱ्या मावशींपर्यंत सगळ्यांच्या त्या आक्का. ऐंशी वर्षांचा पेशंटसुद्धा ‘आक्का, जरा उशी सारा की’ म्हणायचा आणि आक्का ‘सारते रं’ म्हणून त्याची उशी सारायच्या.

नर्सेसच्या टेबलामागं इन्चार्जची एक खुर्ची होती, हातांची, पाठीला रेक्झिन लावलेली. एकवीस वर्षं इन्चार्ज असून आक्का तिच्यावर बसल्या नाहीत. तिच्यावर धुऊन आलेल्या चादरींची चवड असायची आणि आक्का शेजारच्या लोखंडी स्टुलावर. कुणी विचारलं की म्हणायच्या, ‘ती पदवीवालीची खुर्ची हाय. मी नुसती राखण करते.’ आम्हाला वाटायचं बाई विनयानं बोलतात. तसा आक्कांच्या अंगात विनय कुठल्या बाजूला आहे, हे कुणाला सापडलेलं नव्हतं. साहेबी थाटाचे तरुण डॉक्टर राऊंडला बूट वाजवत आले की त्या सगळ्यांसमोर म्हणायच्या, ‘पाय हळू टाका, माणसं झोपल्यात.’

त्यांचं खरं वेड म्हणजे हँडओव्हर. ड्युटी बदलताना जाणाऱ्या नर्सनं येणाऱ्या नर्सला पेशंटची माहिती द्यायची, त्याला हँडओव्हर म्हणतात. बाकीच्या वॉर्डांत टेबलाशी बसून फायली वाचून पाच मिनिटांत उरकतात. आमच्याकडे फाईल टेबलावर राहायची आणि आम्ही रिकाम्या हातांनी एकेका बेडपाशी उभ्या. पेशंटचं नाव, गाव, काय झालंय, आपण काय केलं, काय राहिलं. काही लपवायचं नाही. इंजेक्शन द्यायचं चुकलं असेल तर तेही पेशंटच्या पायाशी उभं राहून सांगायचं. आणि सगळ्यात शेवटी, काय खाल्लं.

माझ्या पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. शुगरचे एक आजोबा होते. बेडपाशी जायची पद्धत अजून अंगवळणी पडली नव्हती, मी टेबलापाशीच त्यांचं बी.पी., सलाईन, सकाळचं इन्सुलिन असं धडाधडा म्हणून दाखवलं. आक्कांनी विचारलं, ‘काय खाल्लं?’

‘डाएट चार्टप्रमाणं नाश्ता दिलाय, आक्का.’

‘चार्टनं खाल्लं व्हय? पेशंटनं काय खाल्लं?’

मला माहीत नव्हतं.

‘जा, इचारून ये. तवर तुझी ड्युटी संपली न्हाय.’

मला संताप आला. उचगावची बस चुकणार होती. मी तणतणत गेले तर आजोबांचं कपाळ घामानं डबडबलेलं आणि चपाती ताटात तशीच. त्यांची कवळी सुनेनं आदल्या दिवशी कपड्यांबरोबर चुकून घरी नेली होती. म्हाताऱ्याला चावता येईना आणि सांगायची लाज. इन्सुलिन मात्र मी वेळेवर टोचलं होतं. आक्कांनी साखरेचं पाणी आणून घोट घोट पाजलं, अर्ध्या तासानं शुगर बघितली आणि मग मला म्हणाल्या, ‘आता जा घरला.’ त्यावर दुसरा शब्द नाही, त्या दिवशी नाही आणि पुढं कधी नाही. मी बसस्टॉपवर बसून रडले, तेही भीतीनं.

इंजेक्शन देताना त्या कन्नडमधून मोजायच्या. पेशंट मराठी असो, मुसलमान असो, मोजणी कन्नड. ‘ओंदु, एरडु’ आणि एरडुलाच सुई आत. मूरु म्हणायची वेळ कधी आलीच नाही. नवा पेशंट तीनला दात आवळायची तयारी करत असायचा आणि आक्का कापूस चोळून पुढच्या बेडला गेलेल्या असायच्या. वरचेवर भरती होणारे पेशंट शेजाऱ्याला ही गंमत आधी सांगायचे नाहीत, मुद्दाम.

त्या राहायच्या शहापुरात, विणकरांच्या एका बोळात, भाड्याच्या खोलीत. सासर कोगनोळीला, नवरा शेती बघायचा, आक्का सुट्टीला निपाणीच्या बसनं जाऊन यायच्या. खोलीला लागून माग होते, दिवसभर खटखट. मी एकदा विचारलं, ‘आक्का, नाईट करून आल्यावर ह्या आवाजात झोप कशी लागते?’ म्हणाल्या, ‘लई छान लागती. माग बंद पडला की जाग येती.’ आणि खरंच, आम्ही चहा घेत असताना शेजारचा माग थांबला तर त्या मधेच कान देऊन बसल्या आणि तो पुन्हा चालू झाल्यावर बोलायला लागल्या.

पोरींनी त्यांना पाठीमागं दुसरं नाव ठेवलं होतं, झेरॉक्स आक्का. साडीच्या दुकानातली चेनची एक पिशवी त्यांच्याकडे होती आणि तिच्यात वॉर्डातल्या प्रत्येक नर्सच्या कागदांच्या झेरॉक्स. मार्कलिस्ट, डिप्लोमा, नर्सिंग कौन्सिलची नोंदणी. नवी पोरगी आली की नावगाव विचारायच्या आधी झेरॉक्स. नोंदणीची मुदत संपत आली की महिनाभर आधी त्या पोरीच्या मागं लागायच्या. ‘भरलीस का गं फी? कवा भरनार? नोंद गेली तर तू नर्स न्हवंस, नुसती पांढऱ्या कापडातली बाई.’ दवाखान्याच्या ऑफिसला नव्हती एवढी काळजी आक्कांना.

चंदगडहून एक पोरगी आली होती. चंदगड आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, पण महाराष्ट्रात. तिचा डिप्लोमा तिकडचा, नोंदणी तिकडची. इकडं काम करायचं तर तिकडून ना-हरकत पत्र आणून इकडच्या कौन्सिलला नोंद फिरवून घ्यावी लागते. ऑफिसनं तिला ‘करून घे सावकाश’ म्हणून कामावर घेतलं. आक्कांनी तिला बेडला हात लावू दिला नाही. पोरगी रडायला लागली, ‘आक्का, दोन-तीन महिने लागत्यात म्हणं.’

‘लागू देत. आज दोन महिने हायत, उद्या दोन वर्सं हुतील, मग भ्या वाटंल आनि करनारच न्हाईस. जा, आज बस धर.’

इतक्या तोंडफटकळपणानं एखाद्या गरीब पोरीला घालवावं का, म्हणून मी दोन दिवस आक्कांशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही, निदान मला तसं वाटलं. पोरगी चार महिन्यांनी नोंद फिरवून आली आणि आता तिसऱ्या मजल्यावर ऑपरेशन थिएटरला आहे.

आमची इमारत चार मजली आहे आणि आक्का नर्सिंगचं शिक्षण त्या इमारतीवरच समजावून सांगायच्या. तळमजल्यावर ड्रेसिंगला ए.एन.एम. झालेल्या, दोन वर्षांचा कोर्स. वरच्या वॉर्डांतून आम्ही जी.एन.एम.वाल्या, तीन वर्षांचा डिप्लोमा. तिसऱ्यावर थिएटरच्या शेजारी नर्सिंग ऑफिस, तिथं चार वर्षांची बी.एस्सी. केलेल्या, नाहीतर डिप्लोम्यावर दोन वर्षांची पोस्ट बेसिक करून तेवढ्यापर्यंत पोचलेल्या. चौथ्यावर नर्सिंगची शाळा, तिथं शिकवायचं तर एम.एस्सी. ‘लिफ्ट सगळ्यास्नी वर नेती,’ आक्का म्हणायच्या. ‘दार उघडल्यावर मात्र कागद इचारत्यात.’ मोठ्या डॉक्टरांच्या काळात बारा बेडचा दवाखाना होता, तेव्हा काम बघून इन्चार्ज करायचे. ते दिवस संपत आलेत, हे आक्कांना आमच्या आधी कळलं होतं.

मला पुढं शिकायचं नव्हतं. सहा वर्षं नोकरी झाली होती, घरात लग्नाचं चाललं होतं आणि पुन्हा वह्या-पुस्तकं घेऊन विशीतल्या पोरींबरोबर बाकावर बसायची मला हौस नव्हती. आक्कांनी वर्षभर डोकं खाल्लं आणि मी वर्षभर ‘बघू’ म्हटलं. मग एका रविवारी त्या सरळ उचगावला आमच्या दारात. आधी कळवावं वगैरे प्रकार त्यांना ठाऊक नव्हता. माझे वडील, आप्पा, नुकतेच रताळ्याची पोती उतरवून टेकले होते. आक्कांनी आईला पहिला प्रश्न विचारला, ‘तुमी काय खाल्लं?’ आईला वाटलं पाहुणीला भूक लागलीय. तिनं ताट वाढलं आणि आक्का नको म्हणाल्या नाहीत. दोन भाकरी खाऊन हात धुतले आणि मग विषयाला हात घातला.

आप्पा म्हणाले, ‘डिप्लोमा झाला, नोकरी लागली. आता आनि कशाला शाळा? सुई तीच न्हवं?’

‘सुई तीच, आप्पा. पन कुठली सुई कुनाला कवा टोचायची, हे ठरतंय त्या टेबलाशी हिला बसवायची, का जल्मभर टोचत उभी ठेवायची, ते बोला.’

‘तुमी केलंय व्हय ते शिक्षान?’

आक्का रताळ्याच्या पोत्यांकडं बघायला लागल्या. मग म्हणाल्या, ‘न्हाय केलं. म्हनून तर आले हितवर.’

‘आनि लगीन?’

‘लगीन थांबतंय दोन वर्सं. फॉर्म शनिवारी बंद हुतोय.’

आप्पांना हसू आलं आणि तिथंच ते हरले. मला कुणी विचारलंच नाही.

फॉर्म द्यायला कॉलेजला आक्का माझ्याबरोबर आल्या, रजा टाकून. त्यांना रजा टाकताना मी पहिल्यांदाच पाहिलं. माझे सगळे कागद त्यांच्या पिशवीत क्रमानं लावलेले होते. पण ऑफिसच्या खिडकीशी त्या आल्या नाहीत. फाटकाशी नारळवाल्याजवळ उभ्या राहिल्या. ‘चला की आत,’ म्हटलं तर म्हणाल्या, ‘मला त्या खिडकीचं वावडं हाय. तू जा. नोंदणीची झेरॉक्स वर ठेव, पहिलं तेच बघत्यात.’ मी आत गेले. क्लार्कनं पहिलं तेच बघितलं.

दोन वर्षं कशी गेली ते सांगत नाही, त्यात सांगण्यासारखं काही नाही. पदवी घेऊन मी परत आले तेव्हा मोठे डॉक्टर वारले होते आणि त्यांच्या मुलानं कारभार हातात घेतला होता. दवाखान्याला मानांकन मिळवायचं होतं, तपासणीला बाहेरून माणसं येणार होती. नोटीस निघाली, वॉर्डाची इन्चार्ज पदवीधरच पाहिजे. पुरुषांच्या वॉर्डासाठी माझं नाव होतं. आक्का ‘सीनियर स्टाफ’, म्हणजे माझ्या हाताखाली.

मी आक्कांना गाठून सांगितलं की मी नकार देणार आहे. मनापासून सांगितलं. आणि थोडं, त्यांनी माझं कौतुक करावं म्हणूनही सांगितलं.

‘येडी हाईस काय गं?’ त्या कडाडल्या. ‘माज्या शेजारी उभी ऱ्हायला शिकवली काय तुला? तू न्हाय म्हनलीस तर ते भायेरची आनतील. तिला काय ठावं हितं कोन काय खातंय?’

मी होकार लिहून दिला. आक्कांनी त्याच दिवशी आपल्याला नाईट ड्युटी मागून घेतली, म्हणजे सकाळी येणाऱ्या इन्चार्जला त्याच हँडओव्हर देणार. पहिला आठवडा मी खुर्चीवर बसले नाही. बाकीच्या नर्सेस बघत होत्या आणि त्या चादरींची चवड हलवायचा मला धीर होईना. मी टेबलाच्या कडेला टेकून काम करायची.

तपासणीसाठी वॉर्डातल्या सगळ्या नर्सेसची यादी भरून द्यायची होती. नाव, शिक्षण, नोंदणी, आणि नोंदणी ह्या राज्यात आहे काय, होय किंवा नाही. खाली इन्चार्जची सही. मला काय, आक्कांची पिशवी होतीच. शुक्रवारी दुपारी बसून सगळ्यांचे नोंदणीचे नंबर उतरवून काढले. पिशवी तळापर्यंत उलटी केली. चंदगडच्या पोरीचीसुद्धा झेरॉक्स होती त्यात. आक्कांची नव्हती.

संध्याकाळी त्या ड्युटीवर आल्या तेव्हा मी विचारलं, ‘आक्का, तुमचा नंबर तेवढा राहिलाय.’

‘उद्या सांगते,’ त्या म्हणाल्या. ‘हँडओव्हरला.’

आणि जाऊन पहिल्या बेडची नाडी बघायला लागल्या. मला तेव्हा कळायला पाहिजे होतं, पण नाही कळलं. वाटलं, कागद घरी असेल.

शनिवारी सकाळी आम्ही नेहमीसारख्या पहिल्या बेडपासून निघालो. आक्कांनी एकोणीस बेड तोंडपाठ सांगितले. सहा नंबरनं अर्धी इडली खाल्ली, अकरा नंबरनं काही नको म्हटलं पण नंतर केळ खाल्लं, चौदा नंबरला रात्री उलटी झाली म्हणून फक्त पाणी. वीस नंबरचा बेड रिकामा होता. मी वळले, पण आक्का वळल्या नाहीत. त्या रिकाम्या बेडच्या पायाशी हात मागं बांधून उभ्या राहिल्या.

‘स्टाफ नर्स,’ त्या म्हणाल्या. ‘वय सत्तावन्न. म्हायेर कागलच्या बाजूचं, म्हाराष्ट्रात. सासर कोगनोळी, कर्नाटकात. डिप्लोमा लग्नाआधी म्हायेराकडं झाला. नोंदणी तिकडचीच. इकडची न्हाय.’

वॉर्डात चहाची किटली फिरत होती, कुणीतरी खोकत होतं. आक्का हँडओव्हरच्या आवाजातच बोलत होत्या, ना हळू, ना मोठ्यानं.

‘लगीन हून आले तवा वाटलं, चार मैलात काय बदलतंय? बस तीच, ऊस तोच, बोलनं तेच. म्हायेरात चालतोय तो कागद सासरात न्हाय चालायचा व्हय? मोठ्या डॉक्टरांनी इचारलं न्हाय. धा वर्सांनी बी.एस्सी.चा फॉर्म भरायला गेले तवा त्या खिडकीतल्या मानसानं सांगितलं, ही नोंद पलीकडची, फिरवून आना. फिरवायला गेले असते तर पहिलं हेच इचारलं असतं, धा वर्सं कशावर काम केलंस? भ्याले. आनि मग भ्यायाची सवयच लागली.’

मग त्या ‘काय राहिलं’वर आल्या.

‘काय ऱ्हायलंय ते सगळं सांगितलं. फुडं काय लिवायचं ते तुमच्या ड्युटीत, सिस्टर.’

मला त्यांनी आजवर अगं-तुगंखेरीज हाक मारली नव्हती.

पहिल्यांदा मला राग आला, खरं सांगते. आम्हा सगळ्यांच्या मानगुटीवर बसून कागद गोळा करणाऱ्या बाईनं स्वतः हे करावं? त्या चंदगडच्या पोरीला काय काय बोलल्या होत्या! मग ती बोलणी एकेक करून आठवली आणि ती कुणाला उद्देशून होती ते कळलं. नारळवाल्याजवळ उभ्या राहिलेल्या आक्का आठवल्या. यादी माझ्या हातात होती. खोटं ‘होय’ लिहिलं असतं तर कदाचित खपूनही गेलं असतं. आक्का माझ्याकडे बघत नव्हत्या, रिकाम्या बेडच्या चादरीची घडी बघत होत्या. आणि मागं बांधलेले त्यांचे हात, ज्यांनी कधी एरडुच्या पुढं वेळ लावला नाही, ते अजून सुटले नव्हते. मला फार वाईट वाटलं. तोंडातून निघालं ते सवयीनं निघालं.

‘काय खाल्लं?’

आक्कांनी वर बघितलं.

‘आँ?’

‘पेशंटनं काय खाल्लं?’

बांधलेले हात सोडून त्यांनी चादर सरळ केली. मग म्हणाल्या, ‘काल दुपारपास्नं काय न्हाय.’

‘जावा, खाऊन या,’ मी म्हटलं. ‘तवर तुमची ड्युटी संपलेली न्हाय.’

त्यांनी पदरानं तोंड पुसल्यासारखं केलं, पण अंगावर युनिफॉर्म होता, पदर नव्हताच. मग जिन्यानं खाली कँटीनला गेल्या. मी टेबलाशी आले, खुर्चीवरची चादरींची चवड उचलून स्टुलावर ठेवली, पहिल्यांदाच त्या खुर्चीवर बसले आणि रकान्यात ‘नाही’ लिहिलं. मग कोऱ्या कागदावर त्यांच्यासाठी मुंबईच्या कौन्सिलला ना-हरकत पत्राचा अर्ज लिहायला घेतला.